बोगदेरावांचे चार मिलिमीटर

बोगदेराव हे काही खरं नाव नव्हे. ते बायकोने ठेवलेलं. बावीस वर्षं ज्याने दिवसाचा उजेड फक्त जेवणाच्या सुट्टीत पाहिला, त्याला बिचारी आणखी काय म्हणणार?

काम मात्र भलतंच ऐटीचं. महाकाय तारासुद्धा साध्या दुर्बिणीत ठिपकाच दिसतो. म्हणून दोन दुर्बिणी एकाच ताऱ्यावर रोखायच्या आणि दोन्हींचा प्रकाश एकत्र आणायचा, की काळे-पांढरे पट्टे उमटतात. दुर्बिणी एकमेकींपासून लांब नेत गेलं की पट्टे विरतात. किती अंतरावर विरले, त्यावरून ताऱ्याचा आकार काढतात. पण मुळात पट्टे उमटायला दोन्ही प्रकाशांनी अगदी सारखंच अंतर कापायला हवं, केसभरही फरक चालत नाही. त्यासाठी बोगद्यात रुळांवर आरशांची गाडी, आणि ती नेमकी जागी लावायला बोगदेराव.

आता डोंगरावरून खाली शहरात बदली मिळाली होती. बायको आधीच लेकीकडे, नातीपाशी जाऊन बसलेली. साहेबांची अट एकच: नव्या इंजिनियरबाईंनी गाडीच्या जागांच्या नोंदींचं रजिस्टर बघून, ताऱ्याऐवजी दिव्याच्या उजेडावर, एकटीने पट्टे आणून दाखवायचे.

तीन दुपारी गेल्या. पट्टे नाहीत.

"काका, आकडा तंतोतंत लावलाय हो," बाई रडकुंडीला आल्या.

लावलाच असणार. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, उद्या आपल्याला कुणी हाकलू नये म्हणून, या शहाण्याने प्रत्येक नोंदीत चार मिलिमीटर कमी लिहायला सुरुवात केली होती. गाडी लावताना मनातल्या मनात मिळवायचे. साहेब म्हणायचे, "हातात जादू आहे तुमच्या." हे मिशीत हसायचे.

"अहो, येताय, की त्या गाडीशीच संसार मांडलाय?" बायकोने फोनवर विचारलं.

चौथ्या दुपारी बोगदेराव साहेबांपुढे सगळं ओकून मोकळे झाले. "ताऱ्यांची मापं खरी आहेत साहेब. फक्त गाडीची जागा..."

"पुढचे सगळे आकडे याच नोंदींवरून काढायचेत," साहेब म्हणाले. "दर वेळी चारच?"

बोगदेराव घुटमळले. "मधे काही वर्षं तीन. एकदा संशय येईलसं वाटलं, तेव्हा पाच."

"कधी किती, हे कुणाला ठाऊक?"

"मलाच."

साहेबांनी बदलीचा कागद खणात ठेवला. "मग बसा. पहिल्या पानापासून."

इंजिनियरबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "रजिस्टरं किती आहेत, काका?"

"एकोणचाळीस," बोगदेराव म्हणाले, आणि खिशातला चष्मा शोधू लागले.