दामूकाका सभागृहातून उठले तेव्हा

दामूकाका गेल्याचा बाबांचा फोन आला तेव्हा मी बोईसरला कॉलेजच्या लायब्ररीत होते. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता महिना झाला. खरं लिहायचं तर, रडू येण्याआधी माझ्या मनात एकच आलं... आता त्यांना विचारता येणार नाही. माझं भाषण चालू असताना ते का उठून गेले, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

दामूकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. दांडीला, दर्याकाठी, आमचं घर आणि त्यांचं घर शेजारी. तरुणपणी ते गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून गेले होते. एका हंगामात ती बोट समुद्रातली देशाची हद्द ओलांडून गेली आणि पलीकडच्या गस्तीच्या बोटीने सगळ्यांना धरून नेलं. काही वर्षं ते तिकडच्या तुरुंगात होते. त्याबद्दल ते फार बोलत नसत. मला एकदाच सांगितलं होतं, "बोट दिसली तवा जालं पान्यात व्हतं, भरलेलं. दोर कापला असता तं सुटलो असतो. आमच्या बोटीचा तांडेल कापू, नको कापू करत ऱ्हायला. तवर ते आले."

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वादविवाद स्पर्धेत नाव दिलं, तर विषय होता 'दहशतवादी हल्ल्याला लष्करी कारवाई हेच उत्तर'. चिठ्ठी उचलली आणि मला अनुकूल बाजू आली. तेव्हा हल्ला होऊन फार दिवस झाले नव्हते, घरोघरी तीच चर्चा होती. सराव ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून मी काकांपुढे उभी राहायचे. ते ओट्यावर जाळं शिवत ऐकायचे. मला वाटलं होतं, ज्यांनी इतकं भोगलं ते एकतर सूड मागतील, नाहीतर लढाई नकोच म्हणतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही.

"अड्ड्यावर मारा, मी नको नाय बोलत," ते म्हणाले. "माणसं मारून गेले त्यांना काय हार घालाचा? पन मारलंस, मंग दुसऱ्या दिशी काय?"

"तेही मारतील. मग आपण अजून मोठा हल्ला करायचा, धाक बसेपर्यंत."

"नि धाक बसला, हे तुला सांगाला कोन येल? जालं टाकाच्या आदी दोर कवा कापाचा ते ठरव बाय. मंगशी सुचत नाय."

मी ते लिहून घेतलं. कारवाईचा उद्देश काय, तो साधला हे कशावरून ओळखायचं, थांबायचं कुठे... माझ्या भाषणाला कणा आला तो तिथून. पण त्यात एक वाक्य होतं, 'अशा देशाशी एक शब्दही बोलू नये.' ते ऐकून मात्र त्यांनी सुई बाजूला ठेवली.

"आपली पोरं अजून तिकडं हायेत. त्यांची यादी कोन मागनार? तुजा परीक्षक?"

मी हसले आणि वाक्य खोडलं. काका सुटले ते दोन्हीकडच्या सरकारांनी कैद्यांच्या याद्या दिल्या-घेतल्या म्हणूनच, हे मला माहीत होतं.

स्पर्धेला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि शेवटच्या रांगेत बसले. विरुद्ध बाजूची मुलगी फार चांगली बोलली. नद्यांचं पाणी, व्यापार, इतर देशांचा दबाव, असे लष्कराशिवायचे मार्ग तिने सावकाश मांडले. मला वाटलं, मी हरतेय. आणि मी ते खोडलेलं वाक्य म्हणून टाकलं. टाळ्या पडल्या. मागे पाहिलं, तर काकांची खुर्ची रिकामी होती.

बक्षीस मिळालं, पण मी ते दाखवायला त्यांच्याकडे गेले नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करत तीन आठवडे घालवले. मग तो फोन आला. बारावं झाल्यावर धीर करून काकीला विचारलं, काका माझ्यावर रागावले होते का.

"रागावला कशाला? अगो, तुमच्या शिपायानं दारं लावली ना हॉलची. बंद दाराआड त्याला बसवत नाय, तिकडून आल्यापासना. भायेर खिडकीशी उभा ऱ्हायला सगला वेल."

"मग ते वाक्य ऐकलं त्यांनी?"

"ऐकलं ना. मला बोलून दाखवलंन, तुज्यासारकं हात करून. बोलला, हराया लागली तशी चिडली पोरगी, नि चुकीचं बोलली. पन मंग त्याच दुसऱ्या पोरीसंगं एका बशीतला समोसा खात व्हती. ते बघलंन नि निवांत बस पकडलीन."

"मी नंतर आलेच नाही, काकी..."

"परीक्षा हाय तिची, बोलला. तुजी वाट बघत रडत नव्हता बसला. त्याला काय दुसरा धंदा नव्हता?"

त्या दिवशी घरी जाऊन मी पोटभर जेवले.

पुढची फेरी पालघरला आहे. बाजू तीच, कारवाईची. माझं मत बदललं असं मी म्हणणार नाही, तेवढं मला अजून कळतही नाही. फक्त त्या वाक्याच्या जागी आता असं आहे, की कारवाई चालू असतानाही बोलण्याची एक वाट उघडी ठेवावी, कारण आपली माणसं तिकडे आहेत. कॉलेजातल्या सरांना हे जरा मवाळ वाटलं. वाटू दे.

सराव मी अजून काकांच्याच घरी करते. त्यांच्या दाराला आतून एक जड धोंडा लावलेला असतो, वाऱ्याने ते मिटू नये म्हणून. इतकी वर्षं मी त्याच्या बाजूने आत जात होते आणि तो कशासाठी आहे, हे कधी विचारलं नव्हतं. दर्याचा वारा आला की माझे कागद उडतात, मी त्यांची कड त्या धोंड्याखाली सरकवते. डास येतात म्हणून काकी रोज कुरकुरते. दार मात्र लावत नाही.