मालिकेतली सून

नीना लीड्समध्येच जन्मली, वाढली आणि एका इंग्रजी मालिकेत वर्षानुवर्षं खाष्ट सून म्हणून गाजली. त्यातली सासू वृद्धाश्रमाच्या खिडकीशी वाट बघत बसायची आणि ही सून काही फिरकायची नाही. दुकानात बायका नीनाला बघून नाक मुरडत. तिला गंमत वाटे; कामाची पावतीच ती.

२००६ साली मालिका संपली आणि ती कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहिली. वॉर्डातलं म्हाताऱ्यांचं डे सेंटर बंद करायचं घाटत होतं. साउथहॅम्प्टनला एकटं राहून आपल्या सासूबाई, सुमनताई, कशा कोमेजल्या हे तिने पाहिलं होतं. नुकतंच त्यांना तिने घरी आणलं होतं.

पण आता गंमत अंगाशी आली. सेंटरमध्ये ती म्हणाली, "तुमचं सेंटर मी बंद नाही होऊ देणार." तिथे रोज येणाऱ्या लीलावतीआजींनी तिच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. "जिनं सासूला टाकलं, ती आम्हाला काय सांभाळणार?" चांगला अभिनय केल्याची शिक्षाच म्हणायची ही.

नवरा परीक्षित म्हणाला, आईला बरोबर घेऊन हिंड. नीनाने साफ नकार दिला. सासूला मिरवून मतं मागणं मालिकेतल्या सुनेला शोभलं असतं.

हे सुमनताईंच्या कानावर गेलंच. सुनेला न सांगता त्यांनी काठी उचलली आणि सेंटरमध्ये लीलावतीआजींच्या शेजारी जाऊन बसल्या.

"ती माझी सून," त्या म्हणाल्या. "भांडते. भाजीत मीठ कमी घालते. पण माझं हिप मोडलं, तेव्हा शूटिंग सोडून आली आणि माझी वेणी घालत बसली."

लीलावतीआजींनी खुर्ची जवळ ओढली. मग हळूच म्हणाल्या, माझा मुलगा माझ्यासाठी होम बघतोय, वृद्धाश्रम. हिला पाहिलं की मालिकेतली ती खिडकी आठवते.

घरी सुमनताईंकडून हे ऐकलं आणि आजींवरचा नीनाचा राग पार विरला. तिला फार वाईट वाटलं.

थोडक्या मतांनी का होईना, ती निवडून आली. सेंटर वाचलं. त्या दिवशी आजींनी तिच्या हातून कप घेतला आणि मनगट धरून ठेवलं.

"मला तिकडे ठेवलं, तर तू येशील?"

"येईन," नीना म्हणाली.

नाताळाआधी मुलाने आजींना होममध्ये नेलंच. पहिल्याच रविवारी नीना चहाचा थर्मास घेऊन गेली. आजी खिडकीशी बसल्या होत्या.