वैतरणेच्या नावाचा पतंग

वडील गेले त्या आठवड्यात मी कामतघरला माहेरीच होते. भेटायला येणाऱ्यांची रीघ दुपारी जरा थांबली, म्हणून आई, आत्या, दादा आणि मी बाहेरच्या खोलीत नुसते बसलो होतो. शेजारच्या कापडाच्या लूमचा खडखडाट चालूच होता. तेवढ्यात आत्याला खिडकीच्या पडद्याला चिकटलेला एक जाडजूड पतंग दिसला. रंग झाडाच्या सालीसारखा आणि पाठीवर चक्क कवटी.

दादा वर्तमानपत्राची घडी घेऊन उठला. कागद लागताच पतंग उंदरासारखा चिरकला. दादा दचकून मागे सरला.

"हात नको लावू त्याला," आत्या रडवेली झाली. "माझा भाऊस हाय तो. घर बघाया आलाय."

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. चिरकताना पतंगानं पुढचे पंख उचलले, तेव्हा खालचे पिवळे पंख मला दिसले होते. त्यांच्या बुडाशी मोठा काळा डाग असता, तर ती याच्या भाऊबंदातली दुसरी जात, नाव वेगळं. डाग नव्हता. म्हणजे ओळख पटली होती. पण ती त्या घडीला सांगायची कुणाला?

आईनंच विचारलं, "तू हेच शिकवतेस ना? काय म्हणतात याला?"

"अकेरोंशिया स्टिक्स. पहिलं आडनावासारखं, दुसरं त्याचं स्वतःचं."

"म्हंजे काय?"

मला सांगावंसं वाटेना, पण ती माझ्याकडे बघत राहिली.

"दोन्ही नद्यांची नावं आहेत. ग्रीक लोकांच्या पुराणातल्या. मेल्यावर माणूस जिथं पोचतो, तिथल्या. पाठीवरची कवटी बघून ठेवली असणार."

"म्हंजे वैतरणा," आई म्हणाली. "ती आमच्या गावावरनं जाते. मी गोधड्या धुतल्यात तिच्यात."

दादाला हसू आलं. आत्याकडे बघून त्यानं ते आवरलं.

"आणि खातो काय हा?" आईनं विचारलं.

"मध. पोळ्यात शिरून चोरून पितो."

आईनं एकदा पडद्याकडे बघितलं. मग आत्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मग हे ते न्हाईत, वन्सं. त्यांना गोडाचा तिटकारा. औषधासोबत मध दिला तरी थुंकून टाकायचे."

आत्यानं पदरानं डोळे पुसले. "ल्हानपणी वाट्याचा गूळ बी मलाच द्यायचा," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली. मग तिनं वडिलांच्या लहानपणाच्या बऱ्याच गोष्टी सांगितल्या. त्यातल्या कितीतरी आईलाही ठाऊक नव्हत्या.

पतंगाला मात्र आत्यानं कुणालाही हात लावू दिला नाही. संध्याकाळी तो पंख थरथरवू लागला आणि आपणहून उघड्या खिडकीतून निघून गेला. आईनं खिडकी लावली, आत जाऊन ताटं मांडली, आणि त्या दिवशी ती आमच्यासोबत नीट जेवली.