सरांचं शेवटचं पत्र

काल सोलापुरात रक्त तपासायला गेले होते. नर्सनं हाताला स्पिरिटचा बोळा लावला आणि त्या वासानं मला वीस वर्षांपूर्वी, दवाखान्यातल्या सरांच्या खाटेपाशी नेऊन उभं केलं.

सर आमचे आमदार, आणि त्याआधी मला गणित शिकवलेले मास्तर. त्यांनीच काढलेल्या शाळेत मी नुकतीच शिक्षिका झाले होते. वस्त्यांवरच्या मुली दीड-दोन तास चालत शाळेत यायच्या. त्यांच्यासाठी एसटी सुरू व्हावी म्हणून सर वर्षभर भांडत होते.

मला बघताच त्यांनी विचारलं, "पोरींची एसटी आली का गं?"

त्यांचा पिवळा पडलेला चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय सर, सोमवारपासनं येती."

"किती वाजता?"

"साडेदहाला," मी ठोकून दिलं.

"मग प्रार्थना चुकती की! दहाला पाहिजे. कागद दे."

त्यांनी डेपो मॅनेजरला पत्र लिहिलं. आधी एसटीबद्दल आभार, मग वेळ बदलायची विनंती. ते माझ्याकडे देऊन त्यांनी समाधानानं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सर गेले.

पत्र मी डेपोत दिलंच नाही. माझं खोटं उघडं पडलं असतं. मुली पुढचं वर्षभर चालतच राहिल्या. दोघींनी शाळा सोडली.

मरत्या माणसाला आपण सुख दिलं, असं तेव्हा वाटायचं. आता चैन पडत नाही. सरांच्या हातचं ते शेवटचं पत्र समोर ठेवल्यावर कुठल्या मॅनेजरनं एसटी नाकारली असती? मला डेपोत जाऊन एवढंच म्हणावं लागलं असतं, "साहेब, सरांशी मी खोटं बोलले."