चुकला तो माझा नेम

काळा चेंडू पॉकेटच्या तोंडाशी होता. कुणीही घातला असता. मी मारलेला पांढरा चेंडू त्याला शिवलासुद्धा नाही.

"अहो, नेमाला आरक्षण नसतं हो," आमचे मॅनेजर म्हणाले. शनिवार पेठेतले. आवाज अजिबात न चढवता.

खराडीतल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत नुकतंच स्नूकरचं टेबल आलं होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळे भोवती जमायचे. सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं. हे लिहायला मला बारा वर्षं लागली.

वंदना तिथंच उभी होती. टेस्टिंगमधली, नागपूरकडची. लिफ्टमध्ये दोघंच असलो की ती हळूच 'जय भीम' म्हणायची. मीही म्हणायचो, दार उघडायच्या आत. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये दोघंच होतो, तरी ती म्हणाली, "गुड मॉर्निंग, सर."

ते मला झोंबलं. मॅनेजरांच्या बोलण्यापेक्षा जास्त.

नेम सारखाच चुकायचा, म्हणून डोळे तपासून घेतले. टेबलावर कसा वाकतो, तेही दाखवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "डावा डोळा लहानपणापासून आळशी आहे. तुम्ही बघता उजव्यानं आणि काठी धरता नाकाखाली. चुकणारच. उजव्या डोळ्याखाली धरा." मग विचारलं, "शाळेत कुणाच्या लक्षात नाही आलं? तेव्हा चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली असती तर हा सुधारला असता."

शाळेत मी शेवटच्या बाकावर. डाव्या डोळ्यानं फळा दिसत नाही म्हटलं तर गुरुजी म्हणाले होते, "तुम्हा लोकांचं लक्ष असतं कुठं?" मला ते खरं वाटलं. दोष डोळ्यात होता. मी तो रक्तात शोधत राहिलो.

पुढच्या आठवड्यात टेबलाशी गेलो. मान कलती केली, काठी उजव्या डोळ्याखाली आणली.

"असं वाकडं कोण उभं राहतं?" मॅनेजर.

"मी. आणि त्या दिवशी आरक्षणाचं बोललात, ते नीच होतं. मी हसलो, ते त्याहून नीच."

मी मारला. हुकला. डोळ्याची इतक्या वर्षांची सवय एका आठवड्यात जात नाही. मी पुन्हा वाकलो. तसाच, वाकडा.

वंदना त्याआधीच दुसऱ्या कंपनीत गेली होती. तिची माफी मागायची राहिली. ती राहिलीच.

त्यांचा नेम चुकला की एकट्याचा चुकतो. आमचा चुकला की साऱ्या वस्तीचा. हे आता मला मान्य नाही. मी चुकेन. शंभरदा चुकेन. पण ते चुकणं माझ्या एकट्याचं असेल, आणि त्यावर माझ्या जातीचं नाव कुणी घेतलं, तर त्याला तिथंच, सगळ्यांसमोर उत्तर मिळेल.