सरकार बेळगावात, आम्ही बेंगळुरात

डिसेंबरात कर्नाटकाचं सरकार बेळगावात येतं. अधिवेशनाच्या त्या दिवसांत शहरात लॉजला खोली मिळत नाही, चौकाचौकात पोलीस असतात, आणि मराठी माणसांचा मेळावा होणार की त्याला बंदी येणार यावर बेळगावाजवळच्या आमच्या येळ्ळुरात रोज चर्चा झडते. माझे सासरे दरवर्षी त्या मेळाव्याला जातात. पोलीस त्यांना व्हॅनमध्ये बसवतात, कुठल्यातरी हॉलवर नेऊन चहा पाजतात आणि संध्याकाळी सोडून देतात. ऐंशी ओलांडली तरी त्यांचा हा नेम चुकलेला नाही आणि मला त्याचा अभिमान आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून मला घरभेदी म्हणणारे निघतीलच.

तरुणपणी ते सीमाप्रश्नासाठी तुरुंगात गेले होते. सुटून आले ते शपथ घेऊनच, की सीमाभाग महाराष्ट्रात जाईपर्यंत बेंगळूरचं तोंड बघणार नाही. शपथ त्यांची, पण हळूहळू ती घरातल्या सगळ्यांना लागू झाली. मी मराठी शाळेत शिकवत होते तेव्हा एकदा मुलांची सहल बेंगळूरला निघाली आणि नेमकी मी आजारी पडले. म्हणजे घरानं मला आजारी पाडलं. पुढं थोरल्या जावेची मुलगी तिथं कंपनीत नोकरीला लागली, तेव्हा मात्र कुणी ब्र काढला नाही. नातीनं तिथं कमावलेलं चालतं, सुनेनं तिथं नुसतं बघितलेलं चालत नाही.

निवृत्त झाले आणि मनात एकच गोष्ट घेऊन बसले. बेंगळूर बघायचं. कामासाठी नाही, कुणाच्या लग्नासाठी नाही, देवासाठी तर नाहीच. नुसतं बघायचं. त्यात आता साध्या लाल बसला बायकांना पैसे पडत नाहीत. थोरल्या जावेला आम्ही आक्का म्हणतो. ती सुपात तांदूळ पाखडत बसली होती. तिला म्हटलं, "आक्का, सरकार सगळं हितं आलंय. त्येंचं घर मोकळं हाय तवर आपण बघून येऊया की."

आक्का इतकी हसली की निम्मे तांदूळ अंगणात गेले. "कवा जायाचं त्ये सांग," म्हणाली.

सासऱ्यांच्या कानावर गेलं, तेव्हा ते मेळाव्याला घालायचा सदरा बघत होते.

"आमी हितं मेळाव्यात, आन तुमी त्येंच्या फुकटच्या बशीत? लाज न्हाय वाटत?"

"बस कुणाच्या घरची न्हाय, मामा. आपण बी कर भरतोय."

"जा तर मग. पर गेलीस तर तुज्या हातचं जेवणार न्हाय मी."

हे मला लागलं. सासूबाई गेल्यापासून त्यांना माझ्याच हातची भाकरी लागते. आक्काची जाड होते म्हणतात, हॉटेलचं तर बघतही नाहीत. म्हणजे धमकी मला होती आणि उपास त्यांना घडणार होता. असल्या वेळी माझा नवरा म्हशीशी बोलायला गोठ्यात जातो, तसा तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आक्कानं बस धरली. कंडक्टरनं आधार कार्ड बघून शून्याचं तिकीट दिलं, तेव्हा धाकधूक होती ती बेंगळूरची नव्हती, घरच्या ताटाची होती.

पुतणीच्या खोलीवर उतरलो. थंडी म्हणाल तर आमच्यापुढं काहीच नाही. ती स्वेटर घालून आणि आम्ही दोघी नुसता पदर लपेटून हिंडत होतो. लालबाग झाली, काचघर झालं, आणि दुसऱ्या दिवशी विधानसौध, म्हणजे सरकार बसतं ती इमारत, बघायला गेलो. आत सोडत नाहीत, समोरच्या फुटपाथवरून बघायचं. मी मान वर करून कळस बघतेय तोवर आक्कानं चपला काढल्या, हात जोडले आणि पिशवीतून नारळ काढला. तिचाही दोष नाही. सौंदत्ती, जोतिबा, नरसोबाची वाडी, जन्मात जिथं जिथं गेली ती देवालाच. बसमधून उतरणं आणि चपला काढणं तिच्या लेखी एकच.

एक पोलीस आला. "अज्जी, हे देऊळ नव्हे," कन्नडमध्ये म्हणाला. "चपला घाला."

मला कन्नड वाचता येतं, बोलता येतं, आणि कुणी शिकवायला आलं तर त्याच्या चुकाही काढता येतात. इमारतीच्या कपाळावरची अक्षरं त्याला बोटानं दाखवली. सरकारचं काम हे देवाचं काम, असं कोरलंय तिथं. "तुम्हीच लिहिलंय," मी कन्नडमध्येच म्हटलं. "मग हिचं काय चुकलं?"

तो हसला. कुठल्या गावच्या म्हणून विचारलं. बेळगाव म्हटल्यावर म्हणाला, "सरकार तर सगळं तुमच्याकडं गेलंय!"

"म्हणून तर आलो. ते आमचं गाव बघतात, आम्ही त्यांचं."

त्यानंच पलीकडची झाडाखालची जागा दाखवली. आक्कानं तिथल्या दगडावर नारळ फोडला आणि पहिला तुकडा त्याच्याच हातावर ठेवला.

मी उभी राहून ती इमारत पोटभर बघितली. आवडली मला. लई आवडली. आणि मग राग आला, इतक्या वर्षांचा. ज्याच्याशी भांडायचं ते डोळ्यांनी बघायचंही नाही, हा कुठला नियम? माझं मराठीपण काही त्या फुटपाथवर सांडलं नाही. होतं तेवढंच्या तेवढं घेऊन घरी आले.

घरी सासऱ्यांनी शब्द पाळला होता. नवऱ्यानं केलेला गिच्च भात आणि लोणचं, यावर बापलेकांचं चाललेलं. मी ताट पुढं केलं, त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा आक्का म्हणाली, "परगावास्नं आलोय आपण. मावंदं घालाय पायजे."

यात्रेहून आलं की भावकीला आणि गल्लीला जेवू घालायचं, त्याला मावंदं म्हणतात. शेजारणीनं लगेच टोमणा मारला, "कुठल्या द्येवाचं गं?"

"कुठल्याच न्हाय," मी म्हटलं. "बघून आल्याचं."

पुरण घातलं, कटाची आमटी केली, गल्लीला सांगावा धाडला. बायका झाडून आल्या. बस किती वाजता सुटते, उतरायचं कुठं, हेच विचारत होत्या. म्हातारे भिडेखातर आले. पंगत बसली, पानं वाढून झाली आणि सगळं थांबलं. घरातल्या थोरल्यानं पहिला घास घेतल्याशिवाय मावंद्याला कुणी जेवत नाही, आणि थोरले बाहेर कट्ट्यावर पाठ करून बसलेले. आमटी निवायला लागली. सगळे माझ्याकडं बघू लागले.

मी दारात गेले. "मामा, शपथ तुमची हाय. ती मोडा म्हणत न्हाय मी. पर ती माज्यावर घालू नगा. मी गेलते, बघून आले, परत जाणार हाय. जेवताय?"

त्यांनी तोंड आणखी रस्त्याकडं वळवलं. मी आत आले, त्यांच्यासाठी मांडलेल्या पाटावर बसले आणि सगळ्यांच्या देखत पोळीचा तुकडा मोडून तोंडात घातला. "जेवा," म्हटलं. मग आक्कानं आमटीची वाटी तोंडाला लावली, तिच्यामागून सगळी पंगत.

थोड्या वेळानं ते आत आले. पाटावर मी होते. त्यांनी एकदा पाटाकडं बघितलं, मग पंगतीच्या शेवटाला पोराटोरांच्या बाजूला मांडी घातली.

"वाढ," म्हणाले.

"माजं होऊ द्या, मामा."

मी घाई केली नाही. पोळी संपवली, वाटीतली आमटी संपवली, उठून हात धुतला. तोवर माझे सासरे रिकाम्या ताटापुढं बसून माझी वाट बघत होते.