मुठीतलं मीठ

वरणाच्या पातेल्यावर मूठ धरायची, डोळे मिटायचे आणि मूठ उघडताना म्हणायचं, "मुठीले मालूम असते." असं तीनदा. साठ मुलींच्या वरणाला तीन मुठी खडा मीठ. चमचा नाही, माप नाही, चाखणं तर नाहीच.

सिंदेवाहीच्या मुलींच्या वसतिगृहात मी गृहपाल होते आणि बाई स्वयंपाकीण. हजेरीपटात त्यांचं पूर्ण नाव होतं, पण मुलींपासून माझ्यापर्यंत सगळ्या त्यांना बाईच म्हणत. मला दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची सवय. "एकदा चाखून तरी पाहा," असं मी दोन वर्षं त्यांच्या मागे लागले होते.

"नवी नवरी चाखते," त्या म्हणत. "मी काऊन चाखू?"

एकदा पुण्याहून माझ्या मुलीने दोन मोठ्या बरण्या पाठवल्या. हाताने काढलेलं समुद्राचं मीठ. अशा भेटी तुमच्याकडेही येत असतील. वापरायच्या की कपाटात मांडायच्या, कळत नाही. बाईंनी चिमूटभर घेऊन बोटांत चुरलं.

"मॅडम, हे त आपलंच मीठ हाय. आंघोळ करून आलं."

मिठागरात पाण्यावर जमलेला पापुद्रा माणसं हाताने उचलतात, असं मी बरणीवरचं वाचून दाखवलं. त्यावर त्यांचं हसू थांबलं. "हातानं? मंग त्यायचे हात फाटत असतीन न," म्हणाल्या आणि बरणीचं झाकण नीट लावून ठेवलं.

त्याच आठवड्यात जेवण तपासायला समिती यायची होती. बाईंची नेमणूक दर वर्षी नव्याने व्हायची आणि त्या वर्षी ती समितीच्या शेऱ्यावर ठरणार होती. पाहुण्यांसाठी चांगलं मीठ हवं, हे शहाणपण माझंच. बाई म्हणाल्या, "मले माहं मीठ देऊन द्या न." मी ऐकलं नाही. त्यांनी नेहमीसारख्या तीन मुठी टाकल्या.

ते मीठ पापुद्र्यांचं, हलकं. मूठ भरलेली दिसते, पण मीठ निम्मंही भरत नाही. असलं मीठ काकडी-टोमॅटोवर भुरभुरायचं असतं, हे मुलीने नंतर फोनवर सांगितलं. वरण पार अळणी झालं. समितीतल्या एका साहेबांनी पहिल्याच घासाला विचारलं, "स्वयंपाकीण चाखत नाही का?"

बाई दारात पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, "मीठ आज मी टाकलं, साहेब. हौस म्हणून." साहेब हसले, वरून मीठ मागून घेतलं आणि शेरा चांगला लिहून गेले.

भांडी घासून झाल्यावर बाई माझ्या खोलीत आल्या.

"मॅडम, मले चव नाई लागत. दोन वर्सं झाले. तापात गेली, ते आलीच नाई. गुळ का मिरची, समदं सारखंच. कोणाले सांगू नोका. चव नाई म्हटलं त रांधाले कोण ठेवन मले?"

दोन वर्षं मी या बाईला चाखा चाखा म्हणून टोचत होते. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दहाला मी स्वयंपाकघरात जायचे. त्या वाटी पुढे करायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. मी "अर्धी मूठ" म्हणायचे किंवा नुसती मान हलवायचे. पाच वर्षं हे चाललं. मुलींनी मला खादाड ठरवून टाकलं होतं. माझी काही हरकत नव्हती.

बाई निवृत्त झाल्या आणि गेल्या वर्षी वारल्या. पुण्यानुमोदनाला मी त्यांच्या घरी गेले. पंगत बसायच्या आधी त्यांची सून वरणाची वाटी घेऊन माझ्यापाशी आली. घरात रांधायची तीच, त्यामुळे सासूच्या जिभेची गोष्ट तिलाही ठाऊक नव्हती.

"आई लय सांगे मॅडम तुमचं. म्हणे, आमच्या मॅडमले माह्या हातचं वरण येवढं आवडते, का पोरींच्या आधी मॅडमच खाते. खरं हाय का जी?"

"खरं आहे," मी वाटी घेत म्हणाले. "मी तर दहा वाजायची वाट पाहत असायचे."